पान हिरवं का लाल

रागिणीला सोळावं लागलं आणि त्याच महिन्यात तिला शोध लागला की आपण भारी आहोत!

दहावीपर्यंत ती तिसऱ्या बाकावरची, हजेरीपुरतं तोंड उघडणारी पोरगी होती. मग अकरावीत गॅदरिंगचे फोटो तिनं मोबाइलवर काढले, ते शाळेच्या पेजवर गेले, साडेसातशे लाइक आले, आणि अख्ख्या शाळेत ती ‘थे फोटोवाली’ झाली. तेव्हापासून कुठल्याही खोलीत आधी तिची हनुवटी शिरायची आणि मागून बाकीची रागिणी.

दिवाळीच्या सुट्टीत ती चांदूर बाजारकडच्या खेड्यात आबाजींकडे गेली. आबाजी म्हणजे आईचे वडील, नत्थुजी. एकतीस वर्षं शेती खात्यात फोटोग्राफर. तेव्हा मोबाइल नव्हते. गावोगावी देवळासमोर पांढरी चादर बांधायची आणि तिच्यावर कपाशीच्या किडींचे, रोगांचे रंगीत फोटो मोठ्ठे करून दाखवायचे, हे त्यांचं काम. ते फोटो म्हणजे स्लाइड: पुठ्ठ्याच्या इवल्याशा चौकटीत बसवलेला फिल्मचा पारदर्शक तुकडा. नोकरी संपली तेव्हा खात्यानं प्रोजेक्टर ठेवून घेतला आणि स्लाइडचा पत्र्याचा डबा ‘घेऊन जा बाप्पा, इथं उंदीर खातात’ म्हणून त्यांच्या हातात दिला.

तो डबा रागिणीनं माळ्यावरून काढला. एक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली आणि किंचाळली.

“आबाजी! काय कलर आहेत हो!”

हिरव्यात माती कालवलेली. लाल असं, जसं वीस वेळा धुतलेलं लुगडं. सावल्या निळसर. आणि जिथे जिथे पांढरं असायला हवं तिथे एक हलकी गुलाबी झाक. कसलाही भडकपणा नाही, सगळं कसं शांत, दुरून ऐकू येणाऱ्या रेडिओसारखं.

“कायचे कलर,” आबाजी म्हणाले. “फिक्या पडल्या थ्या. चाळीस उन्हाळे खाल्ले त्यायनं. मी काढल्या तई पान असं हिरवं होतं का पाह्यनाराचे दात आंबावे.”

“पण हाच तर लूक आहे! लोक मरतात या लूकसाठी!”

“मेलेल्या रंगावर मरतात?” आबाजी हसले, पण पुरतं नाही. “मी सारी जिंदगी रंग टिकवाले घालवली अन् हे पोरगी त्याच्या मयतीचं कौतुक करून राहिली.”

रागिणीच्या ते डोक्यावरून गेलं. तिला डब्यातल्या शंभर स्लाइड दिसत होत्या. ‘मावा’, ‘तुडतुडे’, ‘बोंडअळी’, ‘लाल्या’, अशी पेननं लिहिलेली नावं. लाल्या म्हणजे कपाशीचं पान कडेकडेनं लाल पडत जातं आणि झाड हिरमुसतं, तो. तिला मात्र सगळ्याच स्लाइडमधली पानं लालसर दिसत होती.

“इथं तर सगळ्यालाच लाल्या आहे.”

“इथंच तं लोक फसतात.” आबाजी पुढे सरकले, त्यांच्या आवाजात मास्तर आला. “आधी पान पाहाचंच नाही. आधी पांढरं पाह्य. बोंडातला कापूस पांढराफेक असन, तं पान खरंच लाल हाय. कापूसच गुलाबी दिसत असन, तं रंग इटला, उडाला. पान बिचारं हिरवंच हाय. समजलं? कापूस कई गुलाबी असते काय?”

समजलं. रागिणी हुशारच होती, तोच तर घोळ होता.

दुसऱ्या दिवशी ते वावरात गेले. आबाजींच्या पाच एकरांत बांधाला लागून, धुऱ्याकडची सात तासं, म्हणजे सात ओळी, वेगळ्या होत्या. तिथे कंपनीचं बियाणं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांना कोणाच्या तरी बांधावर देशी कपाशीचं एक झाड दिसलं होतं. आजूबाजूचं सगळं वावर लाल्यानं पेटलेलं आणि हे एकटं हिरवंगार. त्या झाडाची मूठभर सरकी त्यांनी आणली. दरवर्षी लावायची, दरवर्षी सर्वांत हिरव्या झाडांची सरकी वेगळी ठेवायची. असं अकरा वर्षं.

“माह्या झाडाले लाल्या लागत नाही,” हे वाक्य ते देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायचे. गावात लोक त्यांना मागून ‘हिरवे बुवा’ म्हणायचे. यंदा मात्र अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात येणाऱ्या बियाणेवाल्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, की सरकी घेऊन या, पुरावा पटला तर पुढल्या हंगामात आम्ही दहा गावांत लावून पाहू.

गंमत अशी, की ही हिरवाई खुद्द आबाजींनाच आता दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. “मले तं सारं जग कोऱ्या चहातून दिसते,” ते म्हणायचे. हंगाम झाला की ऑपरेशन. तोवर त्यांचे डोळे म्हणजे पार्बताबाई. ती तीस वर्षं त्यांच्या वावरात निंदायला, वेचायला येणारी. कानानं अधू, जिभेनं धडधाकट.

“पार्बता, पान कसं हाय?” आबाजींनी ओरडून विचारलं.

“आँ?”

“पान! पान!”

“मी नाही खात आता. दात कुठी हाय मले?”

रागिणी पोट धरून हसली. मग पार्बताबाईनं पान तोडून आबाजींच्या नाकासमोर धरलं. “हिरवं हाय बाप्पा, पोपटावानी. रोज काय इचारता?”

तेवढ्यात रागिणीनं फोटो काढला. पुढे उघडलेली बोंडं, मागे हिरवी पानं, आणि अगदी वर कोपऱ्यात झाडांत वाकलेल्या आबाजींचा खांदा आणि टोपी. चांगला होता. पण नुसताच चांगला! असे चांगले फोटो तर वर्गातला कोणीही काढतो.

म्हणून रात्रभर तिनं ॲपमध्ये रंग सरकवले. हिरवं मातीकडे नेलं, काळं थोडं उजळलं, उजेडात गुलाबी मिसळलं. शेजारी स्लाइड ठेवून, कणाकणानं. शेवटी मोबाइलमध्ये तोच दूरचा रेडिओ वाजू लागला. ती सेटिंग तिनं जपून ठेवली आणि नाव दिलं ‘आबाजी’. आता एका टिचकीत कुठलाही फोटो आबाजी होत होता.

अकोल्याच्या प्रदर्शनातच फोटोस्पर्धा होती. विषय ‘कपाशी’. नियम एकच, पण ठळक अक्षरांत: रंगात फेरफार चालणार नाही.

रागिणीनं नियम वाचला, हनुवटी वर केली आणि विचार केला. फेरफार कोणाला कळतो? ज्याला पांढरं बघता येतं त्याला. मग तिनं बोटाच्या टोकानं एकेक बोंड परत पांढरंशुभ्र केलं. त्रेचाळीस बोंडं. आबाजींचाच नियम आबाजींच्याच नातीनं असा उलटा वापरला, आणि तिला स्वतःची इतकी शाबासकी वाटली की ती एकटीच खोलीत नाचली.

डिसेंबरच्या शेवटी दोघं एसटीनं अकोल्याला निघाली. आबाजींच्या डोक्यावर नीळ घातलेली टोपी, मांडीवर सरकीची पिशवी. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी ती पिशवी तीनदा उघडून हुंगली.

“आता शेतात एक पान नाही उरलं,” ते म्हणाले. “साहेब म्हनतीन, पुरावा काय? पन तुहा फोटो हाय नं. त्यात काही केलं तं नाही नं तू? जुन्यावानी-फिन्यावानी?”

“नियमच आहे आबाजी. जसंच्या तसं.”

“मंग झालं. पिलिम खोटं नाही बोलत.”

मंडपात तिचा फोटो दारासारखा मोठा करून लावला होता. समोर गर्दी. परीक्षक चंदन सर, मानेवर रुळणारे केस, खांद्यावर शबनम, मान तिरपी करून उभे होते.

“हा तुझा? तुझं वय काय गं?”

“सोळा सर.”

“रंग?”

खोटं बोलायचं म्हटलं की रागिणीची भाषा एकदम पुण्याला जायची. “मी काहीच केलं नाहीये सर. जसं दिसलं, तसंच टिपलंय.”

सर फोटोच्या जवळ गेले. पांढऱ्या बोंडांवरून बोट फिरवलं. “हो, पांढरं शुद्ध आहे. म्हणजे पानं खरोखर अशीच होती. लाल्या!” ते गर्दीकडे वळले. “बघा, रोगानं मरणारं पीक इतक्या मायेनं आजवर कोणी दाखवलं नव्हतं. पहिलं बक्षीस दुसऱ्या कोणाला द्यायची माझी हिंमत नाही.”

टाळ्या पडल्या. लाल्या? रागिणीच्या डोक्यात तो शब्द ठण्णकन वाजला. तिला रोग दाखवायचा नव्हताच, तिला फक्त रंग हवा होता. पण टाळ्या कानाला इतक्या गोड लागत होत्या की ती म्हणाली, “थँक यू सर.”

आणि तेव्हाच गर्दीतून आबाजी आले. बियाणेवाल्या साहेबांचं मनगट धरून, अक्षरशः ओढत.

“या साहेब, या! तुमाले पुरावा पायजे नं? हे पाहा. माही नात, रागिणी. दिवाळीत इनंच काढला. माह्याच सात तासांचा फोटो हाय. आता तुमीच सांगा, पान कसं हाय?”

साहेबांनी फोटो पाहिला. मग आबाजींकडे पाहिलं. मग शेजारच्या माणसाकडे बघून ओठ दाबले.

“आजोबा, हे तुमचं हिरवं वाण?”

“हो नं!”

“अहो, हा तर भरभरून लाल्या आहे. एक पान सुटलं नाही.”

आबाजी फोटोकडे वळले. डोळे बारीक केले, मोठे केले, नाक कागदाला लागेल इतके जवळ गेले. त्यांना तो कोऱ्या चहात बुडालेलाच दिसणार होता. ते मागे फिरले.

“रागे, तू तं उभी होती तिथं. तुह्ये डोये कोवये हाय. सांग साहेबाले. पान हिरवं का लाल?”

साहेब म्हणाले, “बेटा, मोबाइलमध्ये मूळ फोटो असेल ना? दाखव, म्हणजे वादच मिटला.”

मोबाइल तिच्या मुठीत होता. त्यात पोपटासारखा हिरवा मूळ फोटो होता. दोन टिचक्यांवर. चंदन सर मान तिरपी करून तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या मागे टेबलावर ढाल होती, तिच्यावर अजून नाव घालायचं होतं.

“मूळ डिलीट झाला,” रागिणी म्हणाली.

“मंग तोंडानं सांग,” आबाजी म्हणाले. “हिरवं का लाल?”

“लाल.”

बरं, हा शब्द पुण्यात आणि वऱ्हाडात सारखाच.

आबाजींचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, हसरा, जणू त्यांना ऐकूच आलं नाही. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. “वय झालं की असंच होतं आजोबा. म्हाताऱ्या माणसाला आपलं ते सगळं हिरवंच दिसतं!” कोणीतरी फिदीफिदी हसलं. “हिरवटपणा म्हनतात त्याले!” मागून दुसऱ्यानं जोडलं आणि मग सगळेच हसले. चंदन सरसुद्धा. रागिणीसुद्धा, थोडंसं, कारण एकटीच हसली नसती तर वेगळं दिसलं असतं.

आबाजींनी सरकीच्या पिशवीचं तोंड नाडीनं बांधलं. दोन गाठी मारल्या.

बक्षीस संध्याकाळी होतं. त्याआधी रागिणी बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि मूळ फोटो खरोखर डिलीट केला. मग ‘नुकतंच डिलीट केलेलं’मध्ये जाऊन तिथूनही. मोबाइलनं विचारलं, नक्की? हा फोटो परत मिळणार नाही. तिनं ‘हो’ दाबलं. आरशात बघून केस नीट केले आणि बाहेर येऊन ढाल घेतली.

परतीच्या एसटीत आबाजींनी बडनेऱ्यापर्यंत पिशवी एकदाही उघडली नाही. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बरं झालं व माय तू होती. नाहीतं मी आंधया, दहा गावांत लाल्या पेरला असता. लोकायनं माह्या नावानं खडे फोडले असते.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण रागिणीच्या मोबाइलवर त्या वेळी अभिनंदनाचे एकशे बारा मेसेज होते आणि सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं.

संक्रांतीला ती आईबरोबर तिळगूळ घेऊन खेड्यात गेली. अंगणात आबाजींची म्हैस टोपल्यात तोंड खुपसून काहीतरी करकर चावत होती. आईनं, सीमानं, टोपल्यात वाकून पाहिलं आणि छातीवर हात मारला.

“बाबा! हे तं तुमचं बियाणं!”

“सरकीच हाय नं. म्हशीले चांगली. दूध घट्ट येते.”

“अकरा वर्षांचं बियाणं म्हशीले? एक वेळ अजून कोनाले दाखवाचं तं असतं!”

“दाखवलं. रागीनं पाह्यलं नं आपल्या डोयानं.”

धुऱ्याकडे सात ओळींच्या पऱ्हाट्या उपटून जाळल्या होत्या. राखेचे सात पट्टे. ओसरीच्या पायरीशी पार्बताबाई उभी होती. तिला आत बोलावलं नव्हतं.

“मी सांगतलं त्यायले, हिरवं होतं म्हनून,” ती आईला म्हणाली, आणि तिचा आवाज बहिऱ्या माणसाचा, म्हणजे गल्लीभर. “तं मले म्हनतात, तू लबाड हाय, मले बरं वाटावं म्हनून रोज खोटं बोलत आली. उद्यापासून येऊ नोको म्हनतात. तूच सांग व सीमा, मी काहून खोटं बोलू? खोटं बोलून काय मले मुकुट मिळते?”

टोपल्यात अजून अर्धी सरकी होती. रागिणी तिथेच, दोन हातांवर. एक लाथ मारली असती टोपल्याला तरी पुरलं असतं. म्हशीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जीभ नाकपुडीत घातली आणि परत खाली तोंड घातलं. रागिणीचा मोबाइल वाजला. शाळेतून. सव्वीस जानेवारीला तिचा सत्कार होता, साडी नेसायची की ड्रेस? ती बोलत बोलत फाटकाबाहेर गेली. परत आली तेव्हा टोपलं चाटूनपुसून लख्ख होतं.

फेब्रुवारीत अमरावतीत आबाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी उजवा. विश्रांतीला ते रागिणीकडेच राहिले. आठ-दहा दिवसांनी काळा चष्मा उतरला. त्या सकाळी ते घरभर लहान पोरासारखे फिरत होते. “सीमा, तुह्या साडीवर मोर हाय व! मले वाटे डाग पडले.” आई हसत होती. रागिणी शाळेच्या वेण्या घालत होती.

मग आबाजी हॉलमध्ये गेले.

हॉलमध्ये तो फोटो होता. प्रदर्शनातलाच, दाराएवढा, फ्रेम केलेला. खाली ढाल.

“रागे, इकडं ये.”

ती गेली. आबाजी वरच्या कोपऱ्याकडे बघत होते.

“हा कोन हाय?”

“तुम्ही.”

“डोक्यावर काय हाय?”

रागिणीनं पाहिलं. त्रेचाळीस बोंडं तिनं पांढरी केली होती, एकेक करून. टोपी राहिली होती. पानांत लपलेली, अंगठ्याएवढी. स्लाइडमधल्या पांढऱ्यासारखी मऊ, फिकी, गुलाबी.

“टोपी,” ती म्हणाली.

“कोन्त्या रंगाची?”

“पांढरीच असन नं बाबा,” आई आतून म्हणाली. “तुमी कई दुसरी घातली?”

“तुले नाही इचारलं सीमा. हिले इचारलं.” ते ओरडले नाहीत. आवाजात पुन्हा तोच मास्तर आला होता. “सांग. पांढरी का गुलाबी?”

“गुलाबी,” रागिणी म्हणाली.

“अस्सं.” त्यांनी मान हलवली. “अन् मूळ फोटो?”

“नाही.”

“बरं.”

एवढंच. रागिणीला वाटलं, सुटले. दुपारी ती स्टुलावर चढून भिंतीवरून फोटो उतरवायला लागली तर मागून आवाज आला, “राहू दे तो. मले पाहाचा हाय. नवा डोया हाय.”

आणि त्यांनी आपली खुर्ची फोटोसमोर आणून ठेवली. त्या दिवसापासून भेटायला जो येईल त्याला ते आधी फोटोसमोर उभं करायचे. “पाहा, माह्या नातीनं काढला, पह्यला नंबर. बरं, मले सांगा, टोपी कोन्त्या रंगाची?” लोक वाकायचे, हसायचे. “गुलाबी! काय आबाजी, म्हातारपनी शौक!” ते म्हणायचे, “मी नाही गा घेतली. नातीनं रंगवली. कशी रंगवली थे तिलेच इचारा.” आणि रागिणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची. शेजारचे काका झाले, शाळेच्या मॅडम झाल्या, तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी झाल्या. प्रत्येकाला ती काहीतरी सांगायची. उजेडाचं, लेन्सचं, संध्याकाळच्या किरणांचं, सगळं पुण्याच्या भाषेत. आबाजी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या पाहुण्याची वाट बघायचे.

अकराव्या दिवशी सकाळच्या गाडीनं पार्बताबाई आली. फडक्यात हुरडा बांधून. कामावरून काढलं होतं, तरी आली होती.

“डोया कसा हाय?” ती उंबऱ्यातूनच ओरडली.

“आत ये पार्बता,” आबाजी उठून उभे राहिले. कोणासाठी ते उठले नव्हते, हिच्यासाठी उठले. हाताला धरून तिला फोटोसमोर आणलं. “हे पाह्य. टोपी कोन्त्या रंगाची?”

पार्बताबाईनं पाहिलं. “गुलाबी हाय. पन तुमच्यापाशी अशी टोपी नाही. मी तीस वर्षं पाहून राहिली, पांढरीच असते.” मग ती हळूहळू खाली पानांकडे आली. बोंडांकडे. परत टोपीकडे. अक्षर न शिकलेली बाई, पण गावच्या देवळासमोर चादरीवरच्या सगळ्या स्लाइड तिनं पाहिल्या होत्या. आबाजींचा नियम तिला पाठ होता. तिनं मान वळवून रागिणीकडे पाहिलं.

“आता हिले सांग,” आबाजी रागिणीला म्हणाले. “लोकायले काही सांग, पन हिले सांग. दिवाळीत पान कसं होतं?”

रागिणीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. लेन्स, किरण, उजेड, सगळी पुण्याची भाषा जिभेवरून पळून गेली आणि खाली एकच शब्द उरला. तो तिच्या ओठांतून कसाबसा बाहेर पडला, इतका बारीक की तिला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही.

“हिरवं.”

पार्बताबाईनं कानामागे हात धरला.

“आँ? मोठ्यानं बोल व पोरी. मले आयकू येत नाही.”